मुंबईत दुर्मीळ स्थलांतरित पक्षी कसे शोधावेत: ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर

पाऊस परतायला लागला की मुंबईतल्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्दळ वाढते. कुणाला भांडुपला काहीतरी वेगळं दिसलेलं असतं, कुणी उरणहून एक धूसर फोटो टाकून ‘हा कोण?’ म्हणून विचारतो. नवी दुर्बीण घेतलेला माणूस मात्र बावचळतो. ही मंडळी नेमकी कुठे जातात, किती वाजता जातात, आणि शंभर सारख्या पक्ष्यांतला एक निराळा कसा हेरतात? हा लेख त्या माणसासाठी आहे. दुसऱ्याने शोधलेला पक्षी धावत जाऊन पाहण्यातही मजा असते, पण त्यासाठी मार्गदर्शक लागत नाही, गाडी लागते. इथे स्वतः शोधण्याबद्दल लिहितो.

आधी कॅलेंडर समजून घ्या

‘हिवाळी पाहुणे’ म्हणतात खरे, पण हे पाहुणे हिवाळ्याची वाट बघत नाहीत. जुलै संपता संपता, भर पावसात, खाडीकाठच्या दगडांवर शेपूट हलवत फिरणारी तुतारी हजर असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिखल्या, टिलवे, पाणटिवळे असे चिखलात चरणारे पक्षी येऊ लागतात. सप्टेंबरमध्ये डोंगरातल्या ओढ्यांवर करडा धोबी दिसतो, ऑक्टोबरमध्ये जंगलात माशीमार, पर्णवटवटे, स्वर्गीय नर्तक, राखी कोतवाल. बदकं, कुरव (सीगल) आणि मोठे शिकारी पक्षी त्यानंतर, नोव्हेंबरच्या आसपास.

पण हे झाले मुक्कामाला येणारे. मार्चपर्यंत ते इथेच असतात, त्यामुळे आज हुकले तर पुढच्या रविवारी दिसतील. शरदाची खरी गंमत वाटसरूंची असते. युरोपीय नीलपंख आणि ठिपकेदार माशीमार हे दोघे मध्य आशियाच्या बाजूने निघून आफ्रिकेला जातात आणि जाताना वाटेत पश्चिम भारताला चाटून जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधले थोडे दिवस, तेवढेच. वसंतात परतताना त्यांची वाट वेगळी असते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही. चातकाचंही असंच. पावसाबरोबर आलेले चातक याच दिवसांत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघतात. अमूर ससाणे सगळ्यांत उशिरा: ईशान्य चीन आणि रशियाच्या पूर्व टोकाहून निघून, नागालँडमध्ये प्रचंड संख्येने थांबून, ते पुढे समुद्रावरून आफ्रिका गाठतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लोणावळ्याच्या माळांवर ते दिसतात, आणि मुंबईच्या आकाशातूनही क्वचित जातात.

तिसरा प्रकार भरकटलेल्यांचा. लहान गाणाऱ्या पक्ष्यांची यंदाची पिल्लं पहिला प्रवास बहुधा आईबापांशिवाय करतात. दिशा उपजत असते, अनुभव शून्य. त्यामुळे शरदात जो ‘इथे कसा काय?’ म्हणावा असा पक्षी सापडतो तो बरेचदा पहिल्या वर्षाचा असतो आणि त्याचा पिसारा पुस्तकातल्या देखण्या नरासारखा नसतो. चित्रं पाठ करताना पिल्लांची आणि माद्यांची चित्रं जास्त बघा. पुस्तकं नेमकी तीच कोपऱ्यात, लहान छापतात.

सामान

८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या आणि तो विषय संपवा. १० किंवा १२ पट मोठं दिसणारी दुर्बीण दुकानात मोहात पाडते, पण हात थरथरला की चित्रही तेवढंच थरथरतं, आणि झाडीत नजरेचा पट्टा अरुंद होतो. खाडीवर दूरचे पक्षी बघायला पुढे कधीतरी तिवईवरची दुर्बीण लागेल. पहिली एक-दोन वर्षं ती दुसऱ्याच्यातून बघून घ्यावी. सगळे देतात.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. फोटो पुरावा म्हणून हवाच, पण नवखा माणूस कॅमेरा आधी आणि दुर्बीण नंतर उचलू लागला की त्याची नजर तयार होत नाही. तो घरी जाऊन पडद्यावर पक्षी ‘बघतो’. आधी अर्धा मिनिट दुर्बिणीतून बघा, मग हवे तेवढे फोटो काढा.

खिशात छोटी वही आणि पेन्सिल. ऑक्टोबर हीटमध्ये पाणी, टोपी, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. पावसाळ्यानंतर गवतात गोचिड्या असतात, पायमोजे पॅन्टवर चढवा. साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने उतरू नका, लेप्टोचा धोका असतो.

नेहमीचे आधी

दुर्मीळ पक्षी ओळखण्याची वाट नेहमीच्या पक्ष्यांवरूनच जाते, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दयाळ, बुलबुल, शिंपी, वटवट्या, तांबट, कोतवाल, घार हे सगळे पाठमोरे, उडताना, भिजलेले, अर्धे पानाआड लपलेले असे ओळखता आले पाहिजेत. एवढं जमलं की निराळा पक्षी स्वतःहून नजरेला टोचतो. ‘हा आपल्यातला नाही’ हे आधी कळतं, ‘हा अमुक’ हे नंतर.

ऑगस्ट हा याच्या तयारीचा महिना. गर्दी कमी, ताण नाही. रोज सकाळी कामावर जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं सोसायटीच्या गच्चीवर किंवा जवळच्या बागेत उभं राहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा त्याच्या ॲपवर रोजची यादी टाका, कावळे-कबुतरांसकट. मर्लिन ॲप आवाजावरून नावं सुचवतं, त्याला शेजाऱ्याच्या सल्ल्याइतकीच किंमत द्या. ऐकून घ्या, मग स्वतः बघा.

एक जागा आपली करा

नवखे लोक आज शिवडी, उद्या कर्नाळा, परवा उरण असे फिरतात आणि कुठलीच जागा त्यांना कळत नाही. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशी एक जागा निवडा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथेच पुन्हा पुन्हा जा. कुठल्या उंबरावर कोण बसतं, कुठल्या तारेवर कालपर्यंत भिंगऱ्या नव्हत्या, हे फक्त नेहमी येणाऱ्यालाच दिसतं.

जंगलातल्या लहान पक्ष्यांसाठी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारखी जागा नाही. शिलोंड्याची वाट आणि कान्हेरीचा रस्ता दोन्ही चांगले. सोमवारी उद्यान बंद असतं. आतल्या वाटांवर परवानगीशिवाय आणि एकट्याने जाऊ नका, बिबट्यांचं घर आहे ते. शिलोंड्याला ऑक्टोबरपासून ओढ्याच्या कडेला रानधोबी शोधा. बाकीचे धोबी शेपूट वरखाली आपटतात, हा आडवी डोलवतो, एवढ्यावरून लांबूनही ओळख पटते. गोरेगावात राहणाऱ्यांना आरे आहेच.

चिखल आणि खाडीचे पक्षी बघायला शिवडी, ऐरोली, भांडुपचं उदंचन केंद्र (पंपिंग स्टेशन), नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी आणि उरण. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. उरणला पूर्वी जायचं म्हणजे भल्या पहाटे गाडी जमवावी लागे. जानेवारी २०२४पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. वसईकरांनी भुईगाव आणि अर्नाळ्याचे किनारे सोडू नयेत, कुरवांचे थवे नोव्हेंबरपासून तिथे बघावेत.

आणि यातलं काहीच जवळ नसेल तर? राणीची बाग, शिवाजी पार्कच्या कडेची झाडं, कॉलनीतला जुना पर्जन्यवृक्ष. रात्री प्रवास करणारा पक्षी पहाटे खाली बघतो तेव्हा त्याला काँक्रीटच्या समुद्रात हिरवा ठिपका दिसतो आणि तो तिथे उतरतो. दाट वस्तीतल्या छोट्या बागेत झाडं मोजकी असतात, म्हणून पक्षी सापडायलाही सोपा.

भरतीचं गणित

खाडीवर जाणाऱ्याने घड्याळाआधी भरती बघावी. पूर्ण ओहोटीला चिखल इतका दूरवर उघडा पडतो की पक्षी म्हणजे नुसते ठिपके. पूर्ण भरतीला चिखलच नसतो आणि पक्षी उडून गेलेले असतात. कामाची वेळ मधली: पूर्ण भरतीच्या आधीचे तीन ते दीड तास आणि नंतरचे तेवढेच. पाणी चढतं तसे थवे काठाकडे ढकलले जातात.

भरतीचं वेळापत्रक ॲपवर मिळतं, अपोलो बंदरचं बघा. ते हाताशी नसेल तर कोळीवाड्यातला जुना हिशोब अजूनही चालतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. खाडीत आत, ऐरोली-भांडुपकडे जावं तशी भरती आणखी उशिरा पोचते. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण पाण्याला काठापर्यंत आणतं, अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं चढत नाही.

आता शिवडीची एक खोच. तिथला काठ पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. काळ्या आकृतीवरून दुर्मीळ टिलवा ओळखायचा म्हणजे अनुभवी माणसाचीही परीक्षा. म्हणून शिवडीला दुपारनंतरची वेळ साधा. पौर्णिमा किंवा अमावास्येला अडीच-तीनच्या सुमारास पाणी ओसरत असतं आणि ऊन पाठीशी आलेलं असतं. नाहीतर चतुर्थी-पंचमीला एकच्या आसपास पोचा, पाणी चढताना मिळेल. हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनवरून पूर्वेला चालत वीसेक मिनिटं. अटल सेतू आता याच दलदलीवरून जातो, त्यामुळे जुन्या फोटोंतली मोकळी चौकट शोधू नका. फ्लेमिंगो ऑक्टोबरमध्ये नसले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांची मोठी गर्दी नंतर होते. इथे लोक फ्लेमिंगोंकडे बघत बसतात आणि त्यांच्या पायाशी चरणाऱ्या शेकडो तपकिरी पक्ष्यांकडे कुणी बघत नाही. दुर्मीळ काही असलं तर ते त्या तपकिरी गर्दीत असतं.

ती गर्दी कशी चाळायची? एका टोकापासून सुरू करा आणि प्रत्येक पक्ष्यावर क्षणभर थांबा. आकार, चोचीची लांबी आणि वळण, पायांचा रंग, चालण्याची ढब. छोट्या टिलव्यांच्या थव्यात एखादा जरा मोठा, लांब पायांचा, खाली वळलेल्या चोचीचा दिसला तर ती बाकचोच तुतारी. चोच वर वळलेली आणि पाय पिवळे-नारिंगी असतील, शिवाय पक्षी चिखलात वेड्यासारखा धावत सुटला असेल, तर तो टेरेक, तुतारीचाच एक भाऊबंद. पायात रंगीत पट्टी दिसली तर पक्षी सोडून आधी पट्टी बघा. रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं वाचता येतात का. ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. १८८३पासूनची ही संस्था फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसमध्ये आहे आणि पक्ष्यांना वाळे घालण्याचं देशातलं मोठं काम तिचंच.

भरती पूर्ण असताना हे थवे उरण, भांडुप, सीवूड्सच्या पाणथळींवर विसावतात. तेव्हा तिकडे जा. दाटीवाटीने, झोपाळलेले बसलेले असतात, चाळायला वेळ मिळतो. मात्र त्यांना उठवू नका.

हवा

हवामान खात्याच्या हिशोबाने मोसमी पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरला परततो. त्याच्या मागेपुढे वारा उत्तरेकडे फिरला आणि रात्री निरभ्र झाल्या की हालचाल वाढते. पण निरभ्र रात्री पक्षी थांबत नाहीत, वरून निघून जातात. माझा आवडता दिवस वेगळा: मध्यरात्रीनंतर विजांसह जोरदार सर येते आणि पहाटे उघडतं, तो. रात्री वाटेत असलेल्यांना खाली उतरावं लागतं. अशा सकाळी ऑफिसला उशीर झाला तरी चालेल.

अरबी समुद्रात वादळ झालं की किनाऱ्यावर डोळा ठेवा. खोल समुद्रातले पक्षी वाऱ्याने किनाऱ्याकडे फेकले जातात. पावसाळ्यात जुहूसारख्या किनाऱ्यांवर थकलेले समुद्रपक्षी सापडल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. वादळ चालू असताना मात्र घरी बसा.

चार जोड्या, ज्यांत सगळे अडकतात

नीलपंख. आपल्याकडचा नेहमीचा नीलपंख छातीला तपकिरी-जांभळट असतो, चेहऱ्यावर फिकट रेघा असतात. युरोपीय नीलपंखाचं डोकं, छाती, पोट सलग फिकट निळं. पण शरदातला युरोपीय नीलपंख बहुधा पिल्लू असतो, मळकट, छातीवर रेघा असलेला, आणि इथे घोळ होतो. उडेपर्यंत थांबा. नेहमीच्या नीलपंखाच्या पंखात गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे झळकतात. युरोपीयाच्या पंखाची मागची कड सरसकट काळपट असते. बसलेल्यापेक्षा उडालेला पक्षी जास्त सांगून जातो.

माशीमार. तपकिरी माशीमार मुंबईच्या जंगलात नेहमीचा: मोठा डोळा, भोवती पांढरं कडं, छाती साधी, खालच्या चोचीचं बूड फिकट. ठिपकेदार माशीमार जरा लांबोडका, ताठ बसणारा. कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा, डोळ्याभोवतीचं कडं ठळक नाही. तो उघड्या फांदीच्या टोकावर बसतो, उडून किडा पकडतो आणि बरेचदा त्याच टोकावर परत येतो, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा संधी. तिसरा गुंता लाल कंठाचा माशीमार आणि त्याचा भाऊबंद तैगा माशीमार यांचा. पश्चिम भारतात लाल कंठाचाच अपेक्षित. तैगाची चोच पूर्ण काळी असते आणि शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीहूनही काळीभोर. लाल कंठाच्याची खालची चोच बुडाशी फिकट. हे फोटोतून तपासल्याशिवाय ‘तैगा’ लिहू नका.

खरूची आणि अमूर ससाणा. खरूची हीही ससाण्यांतलीच, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. अमूरही कधी थांबतो, म्हणून तेवढ्यावर जाऊ नका. नर अमूर पाटीच्या रंगाचा, पाय तांबडे-नारिंगी, आणि डोक्यावरून उडताना पंखाखालचा पुढचा भाग पांढरा शुभ्र. या दिवसांत चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसले तर वर बघण्याची सवय ठेवा, ससाण्यांचं ते आवडतं खाणं.

पर्णवटवट्यांना मी मुद्दाम वगळलं. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नये. हिरवट पर्णवटवट्याचा दोन तुकड्यांचा ‘चि-विट्’ आवाज तेवढा शिकून घ्या, कारण शरदात तो सगळीकडे असतो. त्याच्याहून निराळा आवाज आला तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि जाणत्याला ऐकवा.

दिसला! आता काय?

हलू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात डोक्यापासून शेपटीपर्यंत क्रमाने बघा: चोच, भुवई, डोळ्याभोवतीचं कडं, छाती, पंखावरचे पट्टे, शेपटी, पाय. मग फोटो, कितीही वाईट असला तरी. मग पुस्तक किंवा ॲप उघडण्याआधी वहीत जे पाहिलं ते लिहा. पुस्तक बघितलं की डोळे न पाहिलेल्या खुणाही ‘आठवायला’ लागतात.

आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका. आठ-नऊ ग्रॅमचा जीव शेकडो किलोमीटर उडून आलेला असतो, त्याला पोट भरायचं आहे. घोळक्याने वेढा घालणं, दगड मारून उडवणं, खाद्य टाकून फोटोसाठी बसवणं हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा वेळी गप्प बसू नका.

जेट्टी, बंदर, उरणचा नौदलाचा परिसर, पालिकेची केंद्रं अशा ठिकाणी कॅमेऱ्यावरून हटकलं जाणारच. भांडुपच्या केंद्रावर प्रवेशाचे नियम बदलतात, दारावर विचारा. सुरक्षारक्षकाला काका म्हणून, दुर्बिणीतून एक पक्षी दाखवून बघा. पुढच्या वेळी तेच सांगतील काल कुठे काय बसलं होतं.

बातमी गटावर टाकण्याआधी विचार करा. खुल्या किनाऱ्यावरच्या कुरवाची टाका बेधडक. घुबडाच्या विसाव्याची किंवा चिंचोळ्या वाटेवरच्या एकट्या पक्ष्याची नेमकी जागा टाकू नका, दोन जाणत्यांना कळवा. कोळी किंवा मिठागरातल्या माणसांच्या जागेत असाल तर पन्नास जणांची फौज उतरवण्याआधी त्यांना विचारायला हवं.

इमारतीच्या काचेवर आदळलेला किंवा थकून पडलेला पक्षी सापडला, विशेषतः नवरंग, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात पाणी घालू नका. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. वन्यजीव कायद्यामुळे तो घरी ठेवता येत नाही.

यादी ई-बर्डवर टाकताना दुर्मीळ नाव घातलंत की ॲप तपशील मागेल. तिथे ‘नक्की होता’ असं लिहू नका. अंतर किती, उजेड कुठून, कोणत्या खुणा दिसल्या, कोणत्या दिसल्या नाहीत, जवळचा कोणता पक्षी का नाही, हे लिहा. नंतर तपासणाऱ्या स्वयंसेवकाकडून प्रश्नांची मेल आली तर रागावू नका, जुन्या जाणत्यांनाही ती येते. खुणा पटल्या नाहीत तर ‘नीलपंख, जात अनिश्चित’ अशी नोंद ठेवता येते, आणि तीही उपयोगाची असते. दर वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ई-बर्डवर जगभरच्या याद्या एकाच दिवशी येतात. पहिली यादी टाकायला तो दिवस बरा. नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखांना महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला. त्या आठवड्यात ठिकठिकाणी मोफत फेऱ्या निघतात, आणि तिवईवरची दुर्बीण आणणारं कुणी ना कुणी प्रत्येक फेरीत असतंच.